डोंगरवाटेच्या गाड्या : सीट आणि टाकी

पुण्यातील नाना पेठ ही दुचाकीच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ. तेथील व इतरत्रच्या कारागीर बंधूंसाठी आम्ही काही गोष्टी मांडत आहोत.

सीट : कच्च्या वाटेवर चालक वारंवार उभा राहतो. म्हणून सीट पुढे अरुंद, फोम घट्ट आणि रेक्झिन न घसरणारे असावे. मऊ फोम गिऱ्हाइकाला दुकानात आवडतो. पण लवकर दबतो. बसण्याच्या जागी शिलाई नको, तिथून पाणी शिरते.

टाकी : 2016 च्या हिमालयनची टाकी 15 लिटरची, 2019 च्या एक्सपल्सची 13 लिटरची. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते. पाणी तळाशी बसून पत्रा गंजतो. पावसाळ्यात झाकणाचे रबर तपासा, उभी गाडी भरलेल्या टाकीने ठेवा.

गळक्या टाकीला थेट वेल्डिंग कधीही करू नका. रिकाम्या टाकीतील वाफच स्फोट घडवते. टाकी नीट धुऊन, वाफ पूर्ण काढूनच जाणकाराकडे द्या.

तळ गंजला असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. दोष लपवून मिळालेल्या पैशात बरकत नसते. इथे तर माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.