पर्सनल ट्रेनर व्हायचंय? आधी शरीर वाचायला शिका

बारावीच्या निकालानंतर भेटायला येणारे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "पोरगा सकाळ-संध्याकाळ जिममध्येच असतो. आता ट्रेनर व्हायचं म्हणतो. यात पुढे काही आहे का?"

आहे, पण एका अटीवर. लोक ट्रेनरच्या हाती आपले गुडघे, आपली कंबर आणि आपले हृदय सोपवतात. स्वतःचे शरीर कमावलेला मुलगा दुसऱ्याचे शरीर सांभाळू शकेलच असे नाही. त्यासाठी व्यायामशास्त्र शिकावे लागते.

या शास्त्रात काय शिकायचे?

सुरुवात शरीररचनेपासून होते. प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे आणि 600 हून अधिक स्नायू असतात. त्यांची नावे पाठ करून भागत नाही. बैठक मारताना समोरच्याचे गुडघे आत वळत असतील, तर कमजोरी खुब्याच्या स्नायूंत आहे की घोटा आखडला आहे, हे बघून ओळखता आले पाहिजे.

दुसरा विषय ऊर्जेचा. स्नायूंना एटीपी या रेणूतून ऊर्जा मिळते, पण एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. साधारण पहिल्या 10 सेकंदांच्या जोरदार श्रमाला स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट ती पुरवते. पुढची दोनेक मिनिटे साखरेच्या झटपट विघटनावर मोठा भर असतो आणि त्यापुढे प्राणवायूच्या मदतीने चालणारी यंत्रणा मुख्य भार उचलते. तिन्ही यंत्रणा एकाच वेळी सुरू असतात, फक्त प्रमाण बदलते. म्हणूनच 100 मीटर धावणाऱ्याचा सराव आणि 42.195 किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी एकसारखी असू शकत नाही.

तिसरा विषय सरावाच्या तत्त्वांचा. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शेकडो जोर मारायला लावत नाही, रोज थोडे थोडे वाढवतो. या क्रमाक्रमाने भार वाढवण्याला शास्त्रीय बैठक मिळाली 1940 च्या दशकात. थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या स्नायूंत पुन्हा ताकद आणण्यासाठी हीच रीत वापरली. भार वाढवण्याइतकीच विश्रांतीही महत्त्वाची, कारण व्यायामाने स्नायूला चालना मिळते आणि त्याची भरपाई होते ती आहार व झोपेतून.

आणखी एक गोष्ट प्रत्येक ट्रेनरला माहीत हवी. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेमुळे असते. स्नायूंचा आकार नंतर दिसू लागतो. हे समजावून सांगणारा ट्रेनर गिऱ्हाइकाला धीर देतो. ज्याला हे ठाऊक नसते, तो महिनाभरात "फरक दिसत नाही" म्हणून पावडरचा डबा पुढे करतो, कधी त्याहून घातक इंजेक्शनही.

एक उदाहरण घेऊ

45 वर्षांचे एक गृहस्थ वजन कमी करायला आले आहेत. 220 मधून वय वजा करण्याच्या प्रचलित सूत्राने त्यांच्या हृदयाचे कमाल ठोके मिनिटाला 175 येतात. पण हा सरासरीचा अंदाज आहे, प्रत्येक माणसाचा आकडा थोडा वेगळा असतो. त्यातून हे गृहस्थ रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असतील, तर ती ठोके फारसे वाढू देत नाही. मग सूत्राचा आकडा गाठण्यासाठी त्यांना पळवत राहणे धोक्याचे ठरते. तिथे सोपी कसोटी कामी येते : व्यायाम करताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम आहेत. वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब झपाट्याने चढतो, हेही त्यांना आधी शिकवायला हवे. म्हणून पहिल्या दिवशी वजनांना हात लावण्यापूर्वी आजार, औषधे, जुन्या दुखापती विचारायच्या आणि शंका असेल तर डॉक्टरांची परवानगी मागायची. आजाराचे निदान करणे आणि गोळ्या बदलणे हे ट्रेनरचे काम नाही.

शिक्षणाच्या वाटा

बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी घेता येते. 1914 पासून कार्यरत असलेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि पुण्याचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय ही या क्षेत्रातली महाराष्ट्रातली जुनी नावे. शाळेत शिक्षक व्हायचे असेल, तर पदवीनंतर बी.पी.एड. करावे लागते. थेट जिममध्ये काम करायचे असेल, तर एसीई, एसीएसएम यांसारख्या अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रे आहेत. त्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत आणि सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचे, प्रशिक्षणही लागते. अभ्यासाची बरीचशी पुस्तके इंग्रजीत आहेत, पण मराठी माध्यमातल्या मुलांनी त्याला घाबरू नये. दहावीचे जीवशास्त्र पक्के असेल, तर ही भाषा काही महिन्यांत अंगवळणी पडते.

पालकांनी काय तपासावे?

फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे तास किती? सीपीआर प्रत्यक्ष शिकवतात का? खऱ्या माणसांवर, देखरेखीखाली सराव होतो का? परीक्षा कोण घेते? दोन-तीन दिवसांत प्रमाणपत्र हातात ठेवणाऱ्यांपासून लांब राहा.

कामाचे स्वरूपही समजून घ्या. पहाटे आणि संध्याकाळी काम, दुपार मोकळी. सुरुवातीला जिमच्या पगारावर राहावे लागते. वैयक्तिक गिऱ्हाइके जमली की कमाई वाढते, आणि ती जमतात विश्वासावर. पुढे ज्येष्ठांचा व्यायाम, खेळाडूंची तंदुरुस्ती, प्रसूतीनंतरचा व्यायाम अशा वाटा खुल्या होतात, पण प्रत्येकीसाठी वेगळे शिकावे लागते.

मुलांनो, तुमच्याकडे उद्या कुणाचे तरी आई-वडील व्यायामाला येतील. स्वतःच्या आई-वडिलांना ज्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवाल, असा ट्रेनर तुम्ही व्हा. त्यासाठी आजच शरीरशास्त्राचे पुस्तक उघडा.