ती लांबलचक यादी बाजूला ठेव

अगं, तुझी यादी वाचली. पोरांना घरी शिकवायचं ठरवलंस आणि लगेच दर आठवड्याला एक नवा व्यवसाय दाखवायचा बेत आखलास. या आठवड्यात बँक, पुढच्यात बेकरी, मग फायर ब्रिगेड, मग उद्यमनगरातली फाउंड्री. तुझा उत्साह मला कळतो. पण मोठी बहीण म्हणून सांगते, ती यादी बाजूला ठेव. वर्षाला तीन-चारच ठिकाणं धर आणि तिथंच जात राहा. पहिल्या खेपेला पोर नुसतं बघतं. पुढं धीर चेपला की विचारायला लागतं. मग एखाद्या दिवशी तिथला माणूसच म्हणतो, ‘जरा धर रं हे,’ आणि खरं शिकणं तिथून सुरू होतं. नवनवीन ठिकाणी नेत राहिलीस तर तो दिवस कधी उगवतच नाही.

गुऱ्हाळाचंच घे. हंगामात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही वाटेला लाग, पाकाचा वास येतोच. एकदा नेलंस तर पोरं गरम काकवी चाखतील, फोटो काढतील आणि घरी येऊन विसरतील. त्याच गुऱ्हाळावर पुन्हा पुन्हा गेलीस की त्यांना गोष्टी दिसायला लागतात. चरकातून रस निघतो, तो काहिलीत येतो, आणि खाली चुलवाणात जळतंय ते त्याच उसाचं वाळलेलं चिपाड. रसात भेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी का घालतात? त्या चिकटपणात मळी अडकते, वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. रसायनशास्त्राचं पुस्तक उघडायच्या आधी हे डोळ्यांनी बघितलेलं असलं, की पुस्तकातला शब्द परका वाटत नाही.

गुळव्याकडं तर नीट बघायला लाव. तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. तू थर्मामीटर नेलास, मालकाला विचारून मोठ्या माणसाकडून पाकात धरवलास, तर काटा ११८ अंशांच्या आसपास असतो. बोटांचा अंदाज आणि काटा शेजारी शेजारी ठेवून बघणं म्हणजेच प्रयोग. मात्र काहिलीच्या कडेला पोरांना उभं राहू देऊ नकोस. पाकाचा चटका पाण्यासारखा नसतो, तो कातडीला धरून बसतो. लांब उभं राहायची रेघ आधीच आखून दे आणि ती मोडली तर त्या दिवशी घरी परत, इतकं कडक राहा.

मग हिशेब. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. ऊस कितीचा, मजुरी किती, शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात भाव काय निघाला, हे सगळं तुझ्या थोरल्याला वहीत मांडू दे. शेकडेवारीची उदाहरणं आपोआप सुटतील. गुऱ्हाळं एकामागून एक बंद का पडताहेत, हेही त्याला त्याच वहीत सापडेल, आणि तू ते समजावून सांगण्यापेक्षा त्याचं त्याला सापडणं लाखमोलाचं.

धाकटीसाठी दूध संस्था बरी. गोकुळचा जिल्हा संघ १९६३ सालचा, आता केवढा वाढला आहे. पण तिला त्याचा मोठा प्लांट दाखवायची घाई करू नकोस. आधी मामाच्या गावच्या संस्थेत पहाटे ने, जिथं बायका किटली घेऊन रांगेत उभ्या असतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), म्हशीच्या दुधाला ६ आणि ९, या आकड्यांवर दराचा तक्ता उभा असतो. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा खाली आला की दहा दिवसांच्या बिलात किती फरक पडतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ असतं. त्यांच्यापैकी कुणी शाळेची पायरी चढलेली नसेल, तरी दशांश अपूर्णांकाचं त्यांच्याइतकं चोख शिक्षण तुला कुठल्या क्लासात मिळणार नाही.

आता चपलेबद्दल. हे मी थोडं जड मनानं बोलते, तरी ऐक. कोल्हापुरी चप्पल दाखवायला म्हणून चप्पल लाईनीतल्या दुकानात नेऊन थांबू नकोस. ती जिथं बनते तिथं, सुभाषनगराकडं जा. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावतात, मग रापीनं तळ कापतात, कान शिवतात, वेणी घालतात. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि केवढा गदारोळ झाला, ते तुला आठवत असेलच. हे सगळं पोरांना सांग. पण त्याच्याबरोबर त्या कारागिराला एक प्रश्न विचारायला शिकव: ‘काका, तुमच्या मुलांनी हेच काम करावं असं वाटतं का?’ आणि उत्तर पूर्ण ऐकायला शिकव. ज्या हातांनी हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जपलं त्यांना आपल्या समाजानं उंबऱ्याबाहेर ठेवलं. करिअर म्हणून एखादं काम दाखवताना ते कुणाच्या वाट्याला का आलं, हे झाकून ठेवलं तर आपण अर्धंच शिकवलं. पोरं लहान आहेत म्हणून टाळू नकोस. त्यांना कळतं.

म्हणूनच एका गोष्टीचा विसर पडू देऊ नकोस. आपण ज्या गावात राहतो, तिथं शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ज्यांना शाळेच्या दारात येऊच दिलं नव्हतं, त्यांच्यासाठी ती सक्ती होती. आपण आज शाळेबाहेर पडायचं म्हणतो ते हातात पर्याय आहेत म्हणून. तेव्हा घरशाळा म्हणजे आपल्यासारख्याच चार घरांची टोळी होऊ देऊ नकोस. संध्याकाळी पोरं गल्लीतल्या सगळ्यांबरोबर खेळली पाहिजेत, तालमीत जाऊ देत, रंकाळ्यावर भांडू देत, मिटवू देत. एकट्यानं वाढलेलं हुशार मूल मला अपुरं वाटतं.

सासूबाई विचारतील, ‘असं शिकून कुणाचं भलं झालंय?’ त्यांना बाबूराव पेंटरांचं नाव सांग. वडिलांच्या हाताखाली, सुतारकाम-शिल्पकाम बघत ते शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवले, पुढं कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. पोरांना खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ दाखव आणि घरी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून पिनहोल कॅमेरा करू दे. उलटी प्रतिमा का दिसते यावर दोन दिवस डोकं खाजवू दे. उत्तर पटकन देऊ नकोस.

कागदोपत्री बाजूही सांगून ठेवते, कारण तुझी खरी धास्ती तीच आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क त्यात आहे. पालकांवर कर्तव्य टाकलं आहे, शिक्षा ठेवलेली नाही. घरी शिकवण्याला मात्र त्यात स्पष्ट जागा नाही, हे मनाशी धरूनच पाऊल टाक. पुढं दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, तिथं किमान वय १४ लागतं; आपल्या बोर्डाची परीक्षा बाहेरून द्यायला १७ नंबरचा फॉर्म आहे; राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, पण तिथं दहावीची सोय आहे का ते आधी विचारून घे. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार जपून ठेव. डॉक्टर व्हायचं किंवा आयआयटीत जायचं कुणाच्या मनात आलं तर बारावी किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागतेच. मुंबईची मालविका जोशी घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. पण बारावी नव्हती म्हणून आयआयटीचं दार तिला बंदच होतं. हे पोरांपासून लपवू नकोस.

आणि कधी वाटलं, की हे आपल्याच्यानं होत नाही, शाळाच बरी, तर खुशाल परत पाठव. त्यात हरण्यासारखं काही नाही. आपल्याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही मराठीतून, हातानं करत शिकण्यासाठीच. म्हणजे चांगली शाळाही हे सगळं करू शकते. निर्णय घ्यायच्या आधी त्यांचं लिखाण वाच. माझ्याकडं आहे, घेऊन जा.

गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमाराला पेटतील. तोवर दूध संस्थेपासून सुरुवात कर. सचिवांना आधी जाऊन भेट, पोरं कामात आडवी येणार नाहीत असा शब्द दे, आणि पहिल्या दिवशी वही नेऊ नकोस. नुसतं उभं राहू दे त्यांना रांगेत. रविवारी ये इकडं, गुळव्याशी ओळख करून देणाऱ्या आपल्या भावकीतल्या दादांचा नंबर देते.