रक्तातील प्रथिने आणि पोटाचा घेर
(मायबहिणींसाठी आरोग्याचा धडा)

पोट सुटू लागले की आपल्या घरातील बाई म्हणते, "आता वयच झाले." दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. परंतु पोटात साठलेली चरबी स्वस्थ पडून राहत नाही. ती रक्तात काही पदार्थ सोडत असते. त्यांचा माग रक्तातील प्रथिनांवरून लागतो.

पाच खुणा

चयापचयाच्या या बिघाडाला डॉक्टर 'मेटाबोलिक सिंड्रोम' म्हणतात. डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली यातील दोषांची सांगड घालून दाखविली व त्याला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. आपल्याकडील स्त्रियांसाठी त्याच्या खुणा अशा :

१. कमरेचा घेर ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) किंवा जास्त.
२. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. दोहोंपैकी एक आकडा वाढला तरी धरावा.
३. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० किंवा जास्त.
४. ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० किंवा जास्त.
५. एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल ५० पेक्षा कमी.

पाचांपैकी तीन खुणा असल्या की हा बिघाड आहे असे समजावे. पुढे मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट येथूनच जाते.

प्रथिने काय सांगतात?

१९३० साली न्यूयॉर्क येथे टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक प्रथिन सापडले. त्याला सीआरपी म्हणतात. हे यकृतात तयार होते. शरीरात कोठे दाह सुरू झाला की त्याचे प्रमाण वाढते. पोटातील चरबी वाढली की तिच्यातून इंटरल्यूकिन-६ नावाचा पदार्थ रक्तात जातो व यकृताला सीआरपी बनविण्याचा इशारा देतो. म्हणजे ताप नाही, जखम नाही, तरी आत मंद विस्तव धुमसत असतो.

दुसरे प्रथिन अॅडिपोनेक्टिन. हे चरबीच्या पेशीच बनवितात, आणि ते इन्सुलिनच्या कामाला हातभार लावते. गंमत अशी की चरबी वाढली की हे उपकारक प्रथिन कमी होते.

अमेरिकेत १४,७१९ निरोगी स्त्रियांवर आठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात एकही खूण नव्हती त्यांचा सीआरपीचा मधला आकडा लिटरमागे ०.६८ मिलिग्रॅम होता. तीन खुणा असलेल्यांचा ३.०१, आणि पाचही असलेल्यांचा ५.७५. बिघाड असलेल्या स्त्रियांमध्येही ज्यांचा आकडा ३ च्या वर होता, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक दिसला.

घाई करू नये

हे वाचून कोणी लगेच महागडी तपासणी करून घेऊ नये. पायात काटा मोडून पू झाला, दाढ किडली, हिरड्या सुजल्या, संधिवात असला, तरी सीआरपी वाढते. गरोदरपणात व संततिनियमनाच्या गोळ्यांनीही वाढते. आकडा १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग किंवा दुसरे दुखणे शोधावे आणि बरे झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पाच खुणा मात्र साध्या तपासणीत कळतात. त्यांतली पहिली तर घरच्या शिंप्याच्या टेपनेच मोजता येते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजावे.

उपाय

सीआरपी कमी करण्यासाठी वेगळे औषध शोधत बसू नये. वजन उतरले की तेही उतरते. ज्वारी-नाचणीची भाकरी, डाळी, कडधान्ये, पालेभाजी ताटात असावी. चहातील साखर, तळण व पांढरा भात कमी करावा. तंबाखू व मिश्री सोडावी. हंगामात शेतात अंग मोडेपर्यंत काम होते, पण हंगाम सरला की बसणे वाढते. त्या दिवसांत आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपझप चालावे. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये.

पुरुषमंडळींनाही एक सांगणे. दुभत्या जनावराची आपण वेळेवर तपासणी करतो. घरातील बाईला वर्षातून एकदा दवाखान्यात नेण्यास एक दिवसाची रोजगारी बुडाली, तर ती वाया गेली असे समजू नये.