कडवंचीच्या द्राक्षाची वाइन का होत नाही?

प्रश्न : आमच्या कडवंची भागात द्राक्षबागा आहेत. नाशिकला वाइनचे महोत्सव भरतात, तिथे गर्दी होते. मग जालन्याच्या एखाद्या बागायतदाराने स्वतःची छोटी वायनरी काढून तिथे बाटल्या का मांडू नयेत? आणि लहान वाइनवाल्यांना या महोत्सवांचा खरंच उपयोग होतो का?
— एक वाचक, जालना तालुका

उत्तर : जरूर मांडाव्यात. पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या : खाण्याचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष ही जवळजवळ दोन वेगळी पिकं आहेत.

इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि गावकरी यांनी मिळून कडवंचीत पाणी अडवलं, पुढे शेततळी झाली आणि 2012 च्या दुष्काळातही तिथल्या बागा तगल्या. ही कमाई मोठीच आहे. मात्र आपल्याकडच्या बागा बहुतेक थॉमसन, सोनाका, माणिक चमन अशा खाण्याच्या जातींच्या. ऑक्टोबर छाटणीनंतर आपण विरळणी करतो, घड जीए या संजीवकात बुडवतो. मणी लांब, टपोरा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा व्हावा म्हणून सगळी धडपड. वाइन करणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं. कॅबर्ने सॉव्हिन्यॉ किंवा शिराझचा मणी हातात घेऊन पाहा : वाटाण्याएवढा, जाड सालीचा, आत बिया. चावला तर साल दाताखाली राहते आणि जीभ तुरट होते. हा तुरटपणा आणि लाल वाइनचा रंग, दोन्ही सालीतून येतात. आतला रस जवळपास बिनरंगी असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. शिवाय गोडी 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत चढावी लागते आणि तोवर आंबटपणाही टिकावा लागतो. थॉमसनची वाइन होते, पण ती फिकी उतरते. म्हणजे वायनरीचा विचार करायचा, तर वेलीपासूनच वेगळी सुरुवात करावी लागेल.

वेल लावणं त्यातल्या त्यात सोपं; अवघड आहे ती विक्री, आणि आपल्या राज्याने याची मोठी किंमत मोजली आहे. 2001 मध्ये शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. कित्येक बागायतदारांनी कर्ज काढून स्टीलच्या टाक्या आणि चिलर बसवले. 2008 च्या मंदीने मागणी घटली, पाठोपाठ नारायणगावची इंडेज ही त्या काळची बडी कंपनी कोसळली. माल घेणाराच उरला नाही. लहान वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. त्या वर्षांत पोळलेली माणसं आजही निफाड-दिंडोरीकडे भेटतात, आणि वायनरीचा विचार करणाऱ्याने आधी त्यांच्याकडे जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

एक टन द्राक्षापासून साधारण 600 ते 700 लिटर वाइन मिळते. पांढरी काही महिन्यांत बाटलीत भरता येते. लाल चांगली हवी असेल तर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त थांबावं लागतं. तोवर पैसा टाकीत अडकलेला आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. बाटली तयार झाली की प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी, वितरकाचा वाटा, आणि दुकानाच्या फळीवर नावाजलेल्या ब्रँडच्या शेजारी जागा मिळवण्याची मारामारी. मोठ्या कंपनीला हा खर्च लाखो बाटल्यांवर पसरता येतो. लहानाची चव कितीही सरस असली तरी तो इथेच मागे पडतो.

महोत्सवाचा उपयोग होतो तो याच ठिकाणी. गिऱ्हाईक समोर येतं, घोटभर चाखतं, आवडलं तर नाव लक्षात ठेवतं आणि पुढे वायनरीवर येऊन पेटी घेऊन जातं. पण सगळे महोत्सव सारखे नसतात. 2008 पासून गाजलेला सुलाफेस्ट हा मुळात एका कंपनीचा संगीत महोत्सव. त्याने नाशिकचं नाव देशभर नेलं, शहरातल्या तरुणांना बागेपर्यंत आणलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. तरी तो लहानांचा बाजार नव्हे. गोव्यात पर्यटन महामंडळ ग्रेप एस्केपेड भरवत आलं आहे, तिथे बरेच उत्पादक एका आवारात येतात. मला मोलाचं वाटतं ते इटलीचं उदाहरण. तिथल्या स्वतंत्र वाइन उत्पादकांनी 2008 मध्ये आपला महासंघ काढला. जो स्वतःची द्राक्षं पिकवतो, स्वतः वाइन करतो आणि स्वतःच्या नावाने बाटली भरतो, तोच सभासद. 2011 मध्ये ते पिआचेंझा शहरात बाजार भरवू लागले. गिऱ्हाईक ढकलगाडी घेऊन टेबलांमधून फिरतं आणि टेबलामागे पिकवणारा स्वतः उभा असतो. इगतपुरीजवळ मुकणे धरणाच्या काठची व्हॅलोने किंवा बोर्डीला चिकूची वाइन करणारी हिल झिल अशा लहान उत्पादकांसाठी आपल्याकडे असा बाजार नियमाने भरायला हवा.

चिकूवरून आपली मोसंबी आठवलीच असेल. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या वाइनमध्ये एक मोठी अडचण आहे. मोसंबीचा रस काढून काही तास ठेवला की कडवट होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. फळातला एक घटक रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, त्याचा हा कडूपणा. वाइनला तर आठवडे लागतात. हा कडूपणा काढण्याच्या पद्धती आहेत, पण त्या घरच्या भांड्यात जमणाऱ्या नाहीत. आणि परवान्याशिवाय घरी वाइन गाळून विकणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

तेव्हा एकदम वायनरीत उडी घेऊ नका. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन आपल्या उष्ण रात्रींत कोणती जात आंबटपणा धरून ठेवेल ते विचारा. एखाद्या चालू वायनरीशी चार-पाच हंगामांचा लेखी खरेदी करार होत असेल, तरच अर्ध्या एकरावर वाइनची वेल लावा, आणि निदान दोन तोडण्या त्यांना देऊन पाहा. टाकी विकत घ्यायचा विचार त्यानंतर.