संगणक, सिकलसेल आणि आपला समाज

विदर्भातील बौद्ध व आदिवासी समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक आजार म्हणजे सिकलसेल होय. ज्या घरात याचा रुग्ण आहे, त्या घराला सांध्यांचा ठणका, अंगात रक्त नसणे आणि दवाखान्याच्या फेऱ्या या गोष्टी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही विषय आपल्या घरचा असल्यामुळे, औषध शोधण्याच्या कामी संगणक कसा राबतो याबद्दल जे वाचून समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढीच काय ती चूक. परंतु त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोरे बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवून दिले. हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे मॅक्स पेरुट्झ यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना समजली म्हणजे कुलपाचा आतला आकार कळला. आता त्यात बसणारी किल्ली हवी. पूर्वी एकेक रसायन प्रयोगशाळेत तपासावे लागे. आता लाखो रेणूंचे आकार संगणकात घालून कोणता कोठे बसेल हे आधी गणिताने पाहता येते. बँकेत धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहतात, तसाच हा प्रकार. जुळणारे थोडे बाजूला निघतात आणि प्रयोग त्यांच्यावरच होतात.

या कामाला प्रचंड गणनशक्ती लागते. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत त्याच अकोल्याचा भाग होता. आज सी-डॅकमध्ये प्रथिनांच्या व औषधी रेणूंच्या हालचालींची गणिते मांडली जातात.

मात्र नमुना जुळला म्हणजे धनादेश वटला असे नव्हे. हिमोग्लोबिनची रचना समोर ठेवून घडविलेल्या व्हॉक्सेलोटर या औषधाला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढील अभ्यासात लाभापेक्षा धोका अधिक दिसल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. अखेरचा निकाल रुग्णाच्या अनुभवाचा असतो. ऐकीव गोष्ट स्वतः पारखून मगच स्वीकारावी, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण विज्ञानही पाळते ती अशी. हायड्रॉक्सियुरिया हे जुने औषध आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडते.

मग नव्या औषधाची वाट पाहत बसावे काय? मुळीच नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. वाहक व्यक्ती सहसा निरोगीच असते, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

हा आजार करणी नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि एकट्या सुनेचा दोष तर नव्हेच. तो दोघांकडून येतो. तेव्हा सोयरीक जुळविताना पत्रिका बाजूला ठेवून रक्ताचा अहवाल मागावा. वाहक मुलीला नाकारू नये. तिचा जोडीदार वाहक नाही ना, एवढे पाहावे. वधू-वर मेळाव्यातच तपासणीचे टेबल मांडले, तर महासंगणकाला न जमलेले काम आपली संस्था करू शकेल.

जय भीम!