अमायलेज वाढले : स्वादुपिंडामुळे की लाळग्रंथींमुळे?

आपल्या मावळातील इंद्रायणी भाताचा घास तोंडात जरा जास्त वेळ चावत राहिलात, तर तो गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाची साखर करते, म्हणून. हेच विकर जठरामागचे स्वादुपिंडही तयार करते. दोन्हींकडचे थोडे थोडे अमायलेज रक्तात उतरते व रिपोर्टमधील आकडा ही त्यांची बेरीज असते. घोटाळा होतो तो इथे.

पोट दुखते म्हणून रक्त तपासले, अमायलेज वाढलेले निघाले, की 'स्वादुपिंडाला सूज' आणि लगोलग 'दारू पीत असणार' असा शिक्का बसतो, निर्व्यसनी माणसावरसुद्धा. वस्तुतः पित्ताशयातील खडे हे या सुजेचे मोठे कारण आहे. शिवाय गालगुंडात लाळग्रंथी सुजल्यानेही आकडा चढतो. तेव्हा कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी सूज आहे का ते पाहावे. घरात, शाळेत कोणाला गालगुंड झाले आहे का हे विचारावे. (2018 च्या मोहिमेत महाराष्ट्रातील मुलांना मिळालेली लस गोवर-रुबेलाची होती, गालगुंडाची नव्हती.)

तथापि गालगुंडाचा विषाणू क्वचित स्वादुपिंडालाही सूज आणतो. अशा वेळी लायपेजची तपासणी उपयोगी पडते. लायपेज मुख्यतः स्वादुपिंडातून येते. केवळ लाळग्रंथी सुजल्या तर ते सहसा वाढत नाही. वरच्या पोटात पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि सामान्य कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक लायपेज, असे जुळले तर स्वादुपिंडाची सूज धरून उपचार होतात.

आपल्याकडे वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आंदर मावळ किंवा पवन मावळातील वाडीवरचा रुग्ण ओवा-हिंग करून, वाट पाहून लोणावळ्यास वा तळेगावास येईपर्यंत कधी कधी चार दिवस उलटतात. अमायलेज 6 ते 12 तासांत चढते आणि 3 ते 5 दिवसांत पूर्ववत होते. लायपेज मात्र 8 ते 14 दिवस वाढलेले राहू शकते. म्हणून पाचव्या दिवशी अमायलेज ठीक आले, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. कळ कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाली, हे डॉक्टरांना सांगावे.

अल्सर फुटणे, आतडे अडकणे किंवा गर्भनलिकेतील गर्भ फुटणे यांतही अमायलेज वाढते. तेथे शस्त्रक्रियेची घाई असते. मूत्रपिंड निकामी झाल्यास ते बाहेर न पडल्याने साचते.

काही जणांत अमायलेज प्रतिपिंडांना चिकटून इतके मोठे होते की मूत्रपिंडातून गाळले जात नाही. रक्तात ते भरपूर, लघवीत कमी, आणि माणूस ठणठणीत. त्याला औषध लागत नाही.