झिपलाइन सुरू करताय? वायरच्या आधी ब्रेकचा हिशेब करा



आजचा धडा एका फोनमुळे लिहितोय. फोन होता जांब समर्थहून, आपल्या चॅनेलच्या एका तरुण प्रेक्षकाचा. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मस्थान. वर्षभर भाविक येतात, रामनवमीला तर गर्दीच. या दादांची रस्त्यालगत चार एकर जमीन आहे. हुरडा पार्टी, जेवण, बैलगाडी हे त्यांचं आधीपासून चालू आहे. आता त्यांना झिपलाइन टाकायची आहे.

त्यांनी खर्चाचा कागद पाठवला. त्यात वायर, दोन टॉवर, हार्नेस, हेल्मेट, पुली, फ्लेक्स, तिकीट पुस्तक असं सगळं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: "थांबवायला जुने टायर आणि गादी, घरचेच."

"सर, बसेल ना एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दादा, बाकी सगळं बसेल. ती शेवटची ओळ मात्र बसणार नाही."

माझी चूक आधी सांगतो

काही वर्षांपूर्वी एका रिसॉर्टसाठी मीच असा कागद बनवून दिला होता. तिकीट किती, दिवसाला गिऱ्हाईक किती, पैसे किती महिन्यांत सुटतील, सगळं एक्सेलमध्ये चोख मांडलं होतं. ब्रेक मात्र मी "इतर खर्च" या रकान्यात टाकला. मालकाने "इतर"ला कात्री लावली, आणि मी गप्प बसलो.

तिथे शेवटच्या टोकाला गावातला एक विशीतला मुलगा उभा असायचा. त्याचं काम एकच, येणाऱ्या माणसाला हातांनी धरून थांबवायचं. दोन महिने निभावलं. मग एका संध्याकाळी वारा मागून होता आणि गिऱ्हाईक वजनदार होतं. मुलाचा खांदा निखळला, गळपट्टीचं हाड मोडलं. गिऱ्हाईकाच्या गुडघ्याला मार बसला. झिपलाइन बंद झाली. त्या मुलाचा उजवा हात आजही पूर्ण वर जात नाही. माझ्या एक्सेलमध्ये त्या हातासाठी रकाना नव्हता.

म्हणून हा धडा. झिपलाइनच्या धंद्यात गिऱ्हाईक वेगासाठी पैसे देतं, पण तुमचा धंदा टिकतो तो थांबवण्यावर.

वेग येतो कुठून?

डोंगरात उतार आयता मिळतो. आपल्याकडे काळी सपाट जमीन. तिथे उतार म्हणजे दोन टॉवरच्या उंचीतला फरक आणि वायरचा झोळ. माणूस लटकला की वायर मधे खाली दबते, त्याला झोळ म्हणायचं.

दादांचा आराखडा घेऊ. लांबी १५० मीटर. सुरुवातीला वायर ९ मीटर उंचीवर, शेवटी ६ मीटरवर. माणूस मधोमध असताना झोळ साधारण साडेतीन मीटर धरला, तर सर्वात खालची जागा सुरुवातीपासून सुमारे ९१ मीटरवर येते. तिथे वायर ३.८ मीटर उंचीवर असते. म्हणजे माणूस ५ मीटरपेक्षा थोडा जास्त खाली आलेला असतो. हवा आणि पुलीचं घर्षण सोडून दिलं, तर तिथला वेग ताशी ३६ किलोमीटर. पुढे वायर चढते, वेग कमी होतो. तरी कागदावर शेवटच्या टॉवरला तो ताशी २७ ते २८ किलोमीटर उरतो.

प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग याहून कमी असतो. पण किती कमी? इथेच खरी गोम आहे, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

एकच वायर, वेगवेगळा वेग

शाळेत शिकलोय की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते. ते हवा नसताना. झिपलाइनवर हवा असते. ३० किलोच्या पोराला हवा सहज अडवते, १०० किलोच्या माणसाला तेवढी अडवू शकत नाही. शिवाय जड माणसामुळे झोळ वाढतो, म्हणजे तो आणखी खाली येऊन जास्त वेग घेतो.

त्यात वाऱ्याची भर. वारा समोरून असेल तर पोरगं अलीकडेच थांबतं आणि मागे घरंगळत झोळाच्या तळाशी जाऊन लटकतं. दादांच्या आराखड्यात ती जागा शेवटच्या टॉवरपासून ५९ मीटर लांब आहे. त्याला ओढून आणायची दोरी आणि तयार माणूस हवा. वारा मागून असेल तर जड माणूस जोरात येतो. म्हणून ब्रेक सरासरी माणसासाठी निवडायचा नाही. सर्वात जड गिऱ्हाईक आणि मागून वारा, या जोडीसाठी निवडायचा. आणि अलीकडे थांबणाऱ्या पोरासाठी वेगळी तयारी ठेवायची.

थांबायला जागा किती लागते?

वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट होते. ८० किलोचा माणूस ताशी ३० किलोमीटरने टॉवरवर आदळणं म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून खाली पडणं. घराच्या पहिल्या गच्चीवरून उडी मारल्यासारखंच.

हाच माणूस किती अंतरात थांबवला, तर अंगावर किती जोर येतो ते बघा:

- १ मीटरमध्ये थांबवला, तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेतीनपट
- ३ मीटरमध्ये, तर सुमारे सव्वापट
- ५ मीटरमध्ये, तर वजनापेक्षाही कमी, सुमारे ०.७ पट

हा जोर सगळ्या अंतरात सारखा लागला असं धरून आहे. टायर आणि गादीला थांबवायला मिळते फार तर अर्धा मीटर जागा. आता कळलं ती ओळ का बसत नाही? टायर मऊ असतो, पण जागाच देत नाही. चांगला ब्रेक म्हणजे थांबायला जागा देणारा ब्रेक.

ब्रेकचे प्रकार, साध्या भाषेत

१. हाताचा ब्रेक. जाड चामडी हातमोजा घालून प्रवाशाने स्वतः पुलीच्या मागे वायर दाबायची. पुढे हात गेला तर बोटं पुलीत. स्वस्त आहे, पण पहिल्यांदा बसलेला माणूस घाबरून सगळं विसरतो. येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांसाठी यावर विसंबू नका.

२. चढाचा ब्रेक. शेवटी वायर वर चढवायची, वेग आपोआप कमी होतो. फुकट आहे आणि बिघडत नाही. पण वजन आणि वारा बदलला की थांबायची जागा बदलते. वेग कमी करायला उत्तम, एकट्याने पूर्ण थांबवायला अपुरा.

३. दोरी आणि ठोकळ्याचा ब्रेक. वायरवर एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला दोरी. पुली ठोकळ्याला लागली की कर्मचारी दोरी हळूहळू सोडत माणसाला थांबवतो. सगळं त्याच्या हातावर आणि लक्षावर अवलंबून. दोरीचा वेढा खांबावर किंवा घर्षणाच्या उपकरणावर हवा, नुसत्या तळहातावर नाही.

४. स्प्रिंगचा ब्रेक. वायरवर ओवलेल्या लांब स्प्रिंगा दबत जातात. माणूस लागत नाही, म्हणून दुसरा ब्रेक म्हणून चांगला. स्प्रिंग मागे ढकलते, हे लक्षात ठेवा.

५. चुंबकाचा ब्रेक. धातूची चकती चुंबकांमधून फिरते, तिच्यात भोवरा प्रवाह तयार होतात आणि ते चकतीच्या फिरण्याला विरोध करतात. चकती जेवढी जोरात फिरते, तेवढा विरोध जास्त. म्हणून जड माणूस जोरात आला तर ब्रेकही जास्त लागतो. घासणारा भाग नसल्याने झीज कमी. किंमत जास्त, आणि वर्षातून एकदा कंपनीच्या नियमाप्रमाणे तपासून घ्यावा लागतो. तो वेग खातो, पण थांबलेल्या माणसाला धरून ठेवत नाही. मागे घरंगळू नये याची सोय वेगळी करावी लागते.

दादांच्या सपाट जमिनीवर मी सांगेन ते असं: चढाने वेग कमी करा, चुंबकाच्या ब्रेकने थांबवा आणि मागे स्प्रिंग ठेवा.

दुसरा ब्रेक का?

अमेरिकेतल्या एसीसीटी या संस्थेची मानकं जगभर वापरली जातात. त्यांचा सार असा: माणूस ताशी ६ मैल, म्हणजे साधारण १० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पोचत असेल, किंवा मुख्य ब्रेक बंद पडला तर त्याला इजा होणार असेल, तर वेगळा आपत्कालीन ब्रेक हवाच. आणि तो प्रवाशाने काहीही न करता लागला पाहिजे. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दुसरा ब्रेक म्हणजे हप्ता एकदाच भरायचा विमा.

वेग मोजायला महागडं यंत्र नको. शेवटच्या टप्प्यात, ब्रेकच्या आधी, १० मीटर अंतरावर दोन झेंडे लावा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. १० मीटर ३.६ सेकंदांत गेले तर ताशी १० किलोमीटर. २ सेकंदांत, तर १८. १.२ सेकंदांत, तर ३०. पहिली चाचणी माणसावर कधीच करू नका. गोणीत वाळू भरा. ३०, ६०, ९० आणि तुम्ही जी कमाल मर्यादा ठरवाल तेवढ्या वजनाची गोणी सोडा. प्रत्येकीचा वेग आणि थांबायची जागा वहीत लिहा. मग मुद्दाम मुख्य ब्रेक काढून दुसरा एकटा पुरतो का, तेही गोणीवरच बघा.

ब्रेक चांगला, तरी अपघात का?

२०१८ मध्ये होंडुरासमधल्या रोआतान बेटावर नवरा वायरवर मधेच अडकला आणि मागून सोडलेली बायको त्याच्यावर आदळली. दोघं मधुचंद्राला आले होते. नवऱ्याचा जीव गेला. टोकाचा ब्रेक कितीही चांगला असता तरी तिथे उपयोग नव्हता, कारण टक्कर वायरच्या मधे झाली. म्हणून नियम एकच: एका वेळी वायरवर एकच माणूस. समोरच्या टोकाकडून "रिकामं, ब्रेक तयार" असं वॉकीटॉकीवर ऐकू आल्याशिवाय पुढचा सोडायचा नाही. हात हलवलेला दिसला, शिट्टी ऐकल्यासारखी वाटली, हे चालणार नाही.

आपल्याकडचंही विसरू नका. एप्रिल २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यात एक तरुणी झिपलाइनला जोडली जात असतानाच उंचावरून पडून गेली. जून २०२५ मध्ये मनालीत नागपूरच्या एका मुलीचा पट्टा तुटला आणि ती खाली कोसळली. हे ब्रेकचे अपघात नाहीत. पण धडा तोच, सुरुवात, मधला भाग आणि शेवट, तिन्ही ठिकाणी दुसरा आधार हवा. टॉवरवर पाऊल ठेवताच माणूस दोरीने बांधलेला असला पाहिजे.

आता धंद्याचं गणित

फेरी अर्ध्या मिनिटाची असते. पण माणूस जोडणं, तपासणं, उतरवणं, पुली परत आणणं आणि ब्रेक पुन्हा जागेवर लावणं धरून एका गिऱ्हाईकाला चार मिनिटं धरा. तासाला १५, सहा तासांत ९०. तुमचं उत्पन्न या ९० वर मांडा.

रामनवमीला रांग दोनशेची असेल. तेव्हा मन म्हणेल, चारची दोन मिनिटं करू. ती वाचवलेली दोन मिनिटं ब्रेक जागेवर लावण्यातून आणि तपासण्यातूनच वाचतात, दुसरीकडून नाही. म्हणून गर्दीच्या दिवशी तिकिटं मोजून द्या. ९० संपली की खिडकी बंद. परत पाठवलेलं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात येईल, जखमी झालेलं येणार नाही.

आणि कागदपत्रं. महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ चं आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी वेगळी, ती आहे म्हणून झिपलाइन चालते असं समजू नका. आपल्या भागासाठी कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. टॉवर, वायर आणि ब्रेकचं डिझाइन या कामातल्या अभियंत्याकडूनच करून घ्या. माझं गणित तुम्हाला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून आहे, नट-बोल्ट आवळण्यासाठी नाही.

गृहपाठ

तुमचा खर्चाचा कागद काढा आणि उलटा लिहा. पहिली ओळ मुख्य ब्रेक. दुसरी आपत्कालीन ब्रेक. तिसरी अडकलेल्याला आणायची सोय. चौथी दोन्ही टोकांच्या माणसांचं प्रशिक्षण आणि पगार. मग वायर आणि टॉवर. फ्लेक्स सर्वात शेवटी. बेरीज झेपत नसेल तर वायर लहान करा, टॉवर बुटका करा, वेग कमी ठेवा. ब्रेक कापू नका.

लग्नाच्या मांडवात "सावधान" शब्द ऐकून नारायण उठला आणि पुढे समर्थ रामदास झाला, असं परंपरा सांगते. त्याच गावचे हे दादा. मी त्यांना म्हटलं, तुमच्या टॉवरवर पाटी लावायची तर तोच एक शब्द पुरे आहे.

परवा त्यांचा नवा कागद आला. लांबी १५० वरून ९० मीटरवर आलीय, टायर गेलेत. झिपलाइन या हंगामात होणार नाही, पुढच्या हंगामात होईल. मला विचाराल तर हा उशीर फायद्याच्या रकान्यात लिहा.

तुमचा कागद तयार झाला की प्रश्न व्हिडिओखाली लिहा. भेटूया पुढच्या धड्यात.